शेरा : गेली

तो शब्द माझ्या पट्टीवर एकोणीस मिलिमीटर भरला. ‘गेली’. पुढे ठिपका, टाकाचं टोक कागदात रुतवून दिलेला. रकाना बहात्तर मिलिमीटर रुंद होता. म्हणजे त्रेपन्न मिलिमीटर जागा कोरी राहिली होती.

चर्चच्या त्या जुन्या रजिस्टरात वरच्या ओळीत त्याच हाताने, त्याच शाईने लिहिलं होतं : ‘प्रभूमध्ये झोपी गेली’. त्याच्या वरच्या ओळीतही तेच. हे शब्द रकान्याच्या पार काठापर्यंत जात होते, आणि जागा पुरली नाही तर त्या जुन्या पाळकसाहेबांनी अक्षरं बारीक केली होती, पण शब्द गाळला नव्हता.

मी पट्टी खाली ठेवली आणि हात मांडीवर घेतले. देवळामागच्या त्या खोलीत चुन्याचा वास भरला होता. नाताळ सतरा-अठरा दिवसांवर आला होता आणि बाहेर दोन माणसं देवळाला चुना देत होती. त्यांच्या बादलीची कडी वाजली की मी दचकत होते. चोरी करत असल्यासारखी.

ही १९८३च्या डिसेंबरातली गोष्ट. मी चौतीस वर्षांची होते, तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते आणि मोरदऱ्याच्या मिशन कंपाउंडात पपांबरोबर राहत होते. पपा म्हणजे मास्तर शांतवन मकासरे. कंपाउंडातल्या प्रत्येक घरात त्यांचं एक तरी पुस्तक होतं. ख्रिस्ती मुलामुलींसाठी ते ऐतिहासिक कादंबऱ्या लिहीत. सगळ्यांत गाजलेली ‘वेशीबाहेरची ज्योत’. ती १९४८ साली निघाली आणि पुढच्या वर्षी मी जन्मले. म्हणून तिच्या नायिकेचं नाव मला मिळालं. सगुणा.

कादंबरीतली सगुणा आमच्याच मोरदऱ्याची. दुष्काळात आईबाप गेले, मिशनच्या अनाथाश्रमात वाढली, बाप्तिस्मा घेतला, मुलींच्या शाळेत शिकवू लागली. मग दूरच्या एका दवाखान्यातून तिला पत्र आलं की नर्सिंग शिकायला ये. त्याच आठवड्यात कंपाउंडात प्लेग शिरला. सगुणाने पत्र फाडलं, आजाऱ्यांच्या उशाशी बसली आणि एकविसाव्या वर्षी तिथेच मरण पावली. हे सगळं खरं घडलेलं, असं पुस्तकाच्या पहिल्या पानावर छापलेलं होतं. आमच्या मुली त्या शेवटच्या प्रकरणावर रडत मोठ्या होत. मीही नऊ वर्षांची असताना रडले होते. माझ्याच नावाची मुलगी मरताना वाचणं विचित्र असतं, पण ते मी कुणाला सांगितलं नाही.

आता साहित्य मंडळाला पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची होती. त्यांनी लिहिलं होतं, शेवटी अर्ध्या पानाची ऐतिहासिक टीप हवी, मृत्यूची तारीख हवी. पपांचे डोळे काचबिंदूने गेलेले. तेव्हा रजिस्टर पाहणं माझ्याकडे आलं.

“सभासदांचं रजिस्टर बघ,” पपांनी सांगितलं होतं. “सन १९०३. मी सत्तेचाळीस साली पाहिलंय. ‘गेली’ असं लिहिलंय. तारीख तेवढी उतरून आण. आणि टीप लिहिताना विशेषणं वापरू नकोस.”

“मला येत नाहीत पपा, विशेषणं.”

“म्हणूनच तुला सांगतोय.”

मी फक्त तारीख उतरून आणायला गेले होते. पण एका वाचनावर भागवायचं नाही, ही माझी कामाची सवय. मी १९०१ ते १९०७ सगळी पानं वाचली. मरणाच्या नोंदी अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीसही ठिकाणी ‘प्रभूमध्ये झोपी गेला’ किंवा ‘झोपी गेली’. दुसऱ्या मंडळीत, म्हणजे दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये, गेलेली माणसं तेवीस. तिथे ‘दाखला देऊन पाठविले’. आणि नुसतं ‘गेला’ किंवा ‘गेली’ सगळ्या रजिस्टरात दोनदाच. एक सगुणा. दुसरा लाजर सुतार, १९०२. चार पानं पुढे, १९०६च्या नोंदीत लिहिलं होतं : ‘लाजर सुतार परत आला. समज देऊन मंडळीत घेतले.’

मेलेल्या माणसाला समज देता येत नाही.

सगुणा मेली नव्हती. ती गेली होती. दाखला न घेता, पाळकसाहेबांना न विचारता. तो रुतवलेला ठिपका शोकाचा नव्हता, रागाचा होता.

मी रजिस्टर कपाटात ठेवलं, किल्ली पाळकीणबाईंना दिली, सलाम केला आणि घरी आले. पपांना म्हणाले, “तारीख मिळाली. नऊ मार्च.” तेवढंच म्हणाले. तारीख खरीच होती.

का सांगितलं नाही, त्याचं कारण माझ्या लॉगटेबलच्या पुस्तकात होतं. तिथे एक पाकीट होतं. बंगलोरच्या एका प्रयोगशाळेने मला बोलावलं होतं. विहिरींच्या पाण्यातल्या क्षारांवर काम, स्वतःचं टेबल, दोन जानेवारीला रुजू. होकार पंधरा डिसेंबरच्या आत पोचायला हवा होता. सोमवारी तार केली तर पोचली असती. पत्र येऊन अकरा दिवस झाले होते. रोज संध्याकाळी मी लॉगटेबल उघडत होते, पाकिटातून पत्र काढत होते, वाचत होते, परत ठेवत होते. त्यात नवीन काही नसायचं.

असं पत्र मला एकदा आधीही आलं होतं, बाविसाव्या वर्षी, पुण्याहून. त्याच महिन्यात आई वारली. दफनविधीनंतर बाया पपांना म्हणाल्या, “नावाप्रमाणे निघाली हो मास्तर, तुमची सगुणा. राहिली बघा.” मी राहण्याचं ठरवलंच नव्हतं. मी फक्त गेले नाही. पण एकदा लोकांनी त्याला नाव दिल्यावर मग बारा वर्षं त्या नावातच काढली. सकाळी कॉलेज, दुपारी पोरं गेल्यावर रिकाम्या प्रयोगशाळेत काचेच्या ब्युरेट-नळ्या धुणं, संध्याकाळी पपांना वाचून दाखवणं. दिवसभरात माझा आवाज सगळ्यांत जास्त वापरला जायचा तो दुसऱ्यांची वाक्यं वाचायला. स्वतःचं वाक्य बोलायची वेळ आली की घसा साफ करावा लागायचा.

त्या गुरुवारी एस्तेर आत्या हरभऱ्याची भाजी घेऊन आली. पपांची धाकटी बहीण, मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन म्हणून निवृत्त झालेली, दोन घरं सोडून राहायची.

“काय गं, चेहरा असा का? परीक्षेत पोरं नापास झाली का?”

“नाही आत्या.”

“मग तू नापास झालीस. जेव.” तिने झाकण उघडलं. “या म्हाताऱ्याला मी वाढते. तू चार दिवस कुठं गेलीस तर हा उपाशी मरेल असं वाटतं ना तुला? तीनशे पोरींना जेवू घातलंय मी. त्यात चाळीस तर रोज रडायच्या. हा तर रडतसुद्धा नाही.”

“मी ऐकतोय, एस्तेर,” पपा आतून म्हणाले.

“ऐकायलाच बोलतेय!”

मी जेवले. आत्याला काही माहीत नव्हतं. ती सगळ्यांशी असंच बोलायची. पण त्या दिवसानंतर ‘पपांकडे कोण बघेल’ हे कारण मला स्वतःलाही देता येईना.

शनिवारी चार वाजता वाचनवर्ग असे. देवळाला लागून असलेल्या खोलीत सात-आठ मुलंमुली चटईवर बसत, मी स्टुलावर. पपांनी तो वर्ग तीस वर्षं चालवला होता. डोळे गेल्यावर ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसत आणि मी वाचत असे. ख्रिस्ती माणसाने इतिहास कसा वाचावा, याची त्यांची एक पद्धत होती. प्रकरण संपलं की एकच प्रश्न विचारायचा : देवाने या माणसाकडून काय करवून घेतलं? आणि मुलं घरी निघाली की पपा दारात उभे राहत. कुणी “जातो सर” म्हणालं की त्याला परत आत बोलावत. “जातो नाही म्हणायचं. येतो. आपण कायमचे चाललोय का?” मोठी झालेली माणसंसुद्धा पपांसमोर जीभ सांभाळून निरोप घेत.

त्या शनिवारी ‘वेशीबाहेरची ज्योत’चं शेवटचं प्रकरण होतं. दोन महिन्यांपूर्वी सुरू केलेलं पुस्तक नेमकं त्या दिवशी संपत होतं. मी वाचलं. पत्र फाडलं गेलं, दिवे विझले, सगुणाने डोळे मिटले. दर वेळेसारखा माझा आवाज शेवटच्या परिच्छेदात थोडा खाली गेला. तो मुद्दाम नेत नसे, सवय होती.

“आता सांगा,” पपांनी कोपऱ्यातून विचारलं. “देवाने सगुणाकडून काय करवून घेतलं?”

प्रेरणा उजागरे म्हणाली, “मारलं तिला.”

मुलं फिसकन हसली. प्रेरणा चौदा वर्षांची, दोन वेण्या, गुडघ्यावर खपली. ती हसली नव्हती.

“देवाने मारलं नाही, प्लेगाने मारलं,” तिच्याशेजारची मुलगी म्हणाली.

“मग लेखकाने,” प्रेरणा म्हणाली आणि लेखक कोपऱ्यातच बसलेत हे आठवून तिने जीभ चावली. “सॉरी सर.”

“बोल, बोल,” पपा म्हणाले. “लेखकाला ऐकायची सवय हवी.”

“नाही म्हणजे सर, आपल्या सगळ्या पुस्तकांत मुलगी राहतेच. एकदा तरी जायला काय झालं? आणि टीचर, तिने पत्र फाडलं, पण आधी पूर्ण वाचलं होतं का? पुस्तकात लिहिलं नाहीये.”

मी पान उलटून पाहिलं. खरंच लिहिलेलं नव्हतं. पंचवीस वर्षांत मला ते दिसलं नव्हतं.

“आणि कबर कुठंय तिची? मी शोधली. लाजर सुताराची आहे, तिची नाही.”

“प्लेगात मेलेल्यांच्या कबरींवर दगड बसवत नसत,” पपा म्हणाले.

“पण मेलीच नसती तर चाललं नसतं का?”

“मेली नसती तर पुस्तक संपलं कसं असतं?” मागून एका मुलाने विचारलं आणि पुन्हा सगळे हसले.

पपांनी चेहरा माझ्याकडे वळवला. त्यांना दिसत नसे, पण माझा आवाज जिथून येतो तिथे ते बरोबर बघत. “टीचरना विचारा. रजिस्टर त्यांनी पाहिलंय.”

सात चेहरे माझ्याकडे वळले. मी म्हणाले, “नोंद आहे. नऊ मार्च, १९०३.”

दुसऱ्यांदा मी खरं बोलले आणि दुसऱ्यांदा खोटं सांगितलं. प्रेरणाने ते वहीत लिहून घेतलं. पेन्सिलीने, नीट, तारखेखाली रेघ मारून. प्रयोगवहीत चुकीचं निरीक्षण लिहिणाऱ्या मुलांना मी बारा वर्षं शून्य गुण देत आले होते.

“येते टीचर,” निघताना ती म्हणाली.

रविवारी उपासनेनंतर जेवणं झाली. दुपारी पपा व्हरांड्यात आरामखुर्चीत बसले आणि म्हणाले, “टीप वाच. उद्याच्या टपालाने पाठवू.”

मी कागद हातात घेतला. त्यावर फक्त पहिलं वाक्य होतं. घसा साफ केला.

“पपा, ‘गेली’ याचा अर्थ मेली असा नाही.”

“म्हणजे?”

मी त्यांना सगळं क्रमाने सांगितलं. अठ्ठेचाळीस नोंदी, तेवीस दाखले, एकोणीस मिलिमीटर, कोरी जागा. लाजर सुतार १९०२ साली ‘गेला’ आणि १९०६ साली परत आला, तेही सांगितलं.

पपा ऐकत राहिले. मग म्हणाले, “लाजर नावाचा माणूस मेल्यावर परत आला, याचं तुला नवल वाटतं?”

बायबलातला लाजर थडग्यातून उठून आला होता, पण मला हसू आलं नाही. त्यांनाही फार वेळ आलं नाही. त्यांची बोटं खुर्चीच्या वेतावर फिरू लागली, एका तुटलेल्या काडीपाशी थांबली.

“नुसतं ‘गेली’?”

“नुसतं ‘गेली’. आणि ठिपका.”

“ठिपका मी पाहिला होता,” ते म्हणाले. “मला वाटलं, पाळकसाहेबांना पुढे लिहवलं नसेल. डोळे भरून आले असतील. त्या एका ठिपक्यावरून मी ते शेवटचं प्रकरण लिहिलं, बाळ.”

समोर देवळाची भिंत नव्या चुन्याने इतकी पांढरी दिसत होती की तिकडे बघवत नव्हतं.

“म्हणजे ती जगली,” पपा म्हणाले. मग एकदम सरळ झाले. “किती वर्षांची होती गं तेव्हा?”

“एकवीस.”

“माझं पुस्तक आलं तेव्हा?”

“सहासष्ट.”

“सहासष्ट!” ते हसायला लागले. त्यांचे निकामी डोळे पाणावले. “म्हणजे वाचलंही असेल तिने! एखाद्या दवाखान्याच्या व्हरांड्यात चष्मा लावून बसली असेल, आणि हा कोण मकासरे मला मारतोय म्हणून...” ते थांबले. हसू हळूहळू ओसरलं. “पस्तीस वर्षं मी तिला मारून ठेवलं. आणि दर शनिवारी पोरांना विचारलं, देवाने तिच्याकडून काय करवून घेतलं.”

“काय करवून घेतलं ते आपल्याला माहीत नाही.”

“माहीत नाही, असं लिहायची आमच्यात पद्धत नाही. तुमच्या विज्ञानात आहे?”

“आहे.”

“मग लिही तसं.” त्यांनी हात हलवला. “लिही. सगुणा १९०३ साली मोरदरा सोडून गेली. नुसतं ‘गेली’ लिहू नकोस, पुन्हा कुणीतरी माझ्यासारखा वाचेल. कुठे गेली, पुढे तिचं काय झालं, ते लेखकाला माहीत नाही. आणि खाली लिही, शेवटचं प्रकरण ही लेखकाची चूक आहे.”

“मंडळ छापणार नाही पपा.”

“तो मंडळाचा प्रश्न. प्रेरणाला तू स्वतः सांग. तिने वहीत लिहून घेतलंय, मी पेन्सिल ऐकली.”

मी लिहिलं. तीन वाक्यं झाली. एकही विशेषण नव्हतं. वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मान हलवली. रस्त्यावरून एक सायकल गेली. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, “मला वाटत होतं, मी राहिलेल्या मुलीचं नाव तुला ठेवलं. ठेवलं ते गेलेलीचं.”

मी कागदाची घडी घातली. घडी बरोबर मध्यावर आली नाही, म्हणून उलगडून पुन्हा घातली.

“तुझ्या लॉगटेबलमध्ये काय आहे?” पपांनी विचारलं.

“लॉगटेबलच आहे.”

“दोन आठवडे रोज संध्याकाळी उघडतेस. आकडे बघताना पाकीट वाजत नाही, बाळ. हे वाजतं. जाड कागद आहे, सरकारी नाही. मी वाट बघत होतो, आज सांगेल, उद्या सांगेल.” ते थांबले. “बाविसाव्या वर्षीही एक वाजत होतं. तेव्हा मी विचारलं नाही. मला सोयीचं होतं.”

आतून कपबशांचा आवाज आला. एस्तेर आत्या मागच्या दाराने येऊन केव्हाच चहा टाकून मोकळी झाली होती. ट्रे घेऊन ती बाहेर आली आणि आमची तोंडं बघून दारातच थबकली.

“काय झालं? कोण गेलं?”

“सगुणा,” पपा म्हणाले.

“देवा! अरे, ही काय समोर बसलीय धडधाकट!” तिने ट्रे स्टुलावर आदळला. “भरल्या दुपारी काही बोलावं का, शांतवन? नाताळाच्या तोंडावर?”

आत्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वसतिगृहात तीस वर्षं काढलेल्या बाईला न सांगितलेलं पुष्कळ कळतं. ती खालच्या पायरीवर बसली आणि स्वतःचाच चहा बशीत ओतू लागली.

मी उठले. आत जाऊन लॉगटेबल उघडलं, पाकीट बाहेर काढलं. या वेळी आवाज होऊ दिला. बाहेर आले, उंबऱ्याजवळ चपला होत्या, त्या पायात घातल्या. तारघर रविवारी बंद असेल, हे मला माहीत होतं. तरी घातल्या.

“कुठं निघालीस गं या उन्हाची?” आत्याने विचारलं.

“जरा...” जीभ सवयीने वळली. “येते.”

पपांनी खुर्चीतून मान वर केली. दारात उभं राहून पोरांना परत बोलावताना त्यांचा जो आवाज असायचा, तोच होता.

“शब्द नीट वापर, बाळ.”

आत्याची बशी तोंडाशी जाऊन थांबली. मी पाकीट दोन्ही हातांत धरलं. घसा साफ करायची गरज पडली नाही.

“पपा,” मी म्हणाले, “मी जाते.”